युद्धातल्या नागरिकांसाठी आघाडी कशी उभी करायची: भूसुरुंगबंदीच्या मोहिमेकडून घेतलेले धडे

१९९० च्या आसपास कंबोडियात दर २३६ माणसांमागे एकाचा हात किंवा पाय गेलेला होता. कारण बहुतेकदा एकच: भाताच्या खाचरात, सरपणाच्या वाटेवर, पाणवठ्याच्या कडेला पुरलेला भूसुरुंग. पुरणारा सैनिक केव्हाच निघून गेलेला असे. ऑक्टोबर १९९२ मध्ये सहा संस्था न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसल्या आणि हे शस्त्रच जगातून हद्दपार करायचं त्यांनी ठरवलं. त्यांत अपंगांसाठी काम करणारे होते, सुरुंग काढणारे होते, डॉक्टर होते, मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या नोंदी ठेवणारे होते आणि व्हिएतनाममध्ये लढून आलेले अमेरिकी माजी सैनिकही होते. पुढच्या पाच वर्षांत त्या सहांच्या हजाराहून अधिक संस्था झाल्या. ३ डिसेंबर १९९७ ला ओटावात बंदीच्या करारावर सह्यांना सुरुवात झाली आणि १२२ देशांनी सह्या केल्या.

गाझा, युक्रेन, सुदानच्या बातम्या पाहून "आपण काय करू शकतो?" असं तरुण मंडळी मला विचारतात. त्यात वकिलीचे विद्यार्थी असतात, पत्रकार असतात, सामाजिक संस्थांत नुकतेच रुजू झालेले कार्यकर्ते असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. भूसुरुंगबंदीची मोहीम आणि तिच्या वाटेने पुढे गेलेली क्लस्टर बॉम्बविरोधी (म्हणजे हवेत उघडून असंख्य छोटे गोळे विखुरणाऱ्या बॉम्बविरोधी) मोहीम, या दोन उदाहरणांना धरूनच मी पायऱ्या सांगणार आहे. कारण या दोन्हींत काय चाललं आणि काय फसलं, हे आता नीट दिसतं.

पहिली पायरी: मागणी एका वाक्यात बसवा

"युद्धात निरपराध मरू नयेत" ही मागणी म्हणून उपयोगाची नाही. कुठलाही मंत्री त्यावर मान डोलावेल आणि पुढच्या बैठकीला निघून जाईल. मागणी अशी हवी, की तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता यावं. भूसुरुंगवाल्यांची मागणी होती: माणसांविरुद्धच्या सुरुंगांचा वापर, उत्पादन, साठा आणि हस्तांतरण पूर्णपणे बंद करा. रणगाडाविरोधी सुरुंग त्यांनी बाहेर ठेवले. त्या सुरुंगांवरही बसगाड्या उडतात, माणसं मरतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते आत घेतले असते, तर तेव्हा सोबत असलेली निम्मी सरकारं निघून गेली असती असं मला वाटतं. हा निर्णय मनाला लागतो. आघाडीत काम करायचं तर असे निर्णय घ्यावे लागतात आणि ते सुरुवातीलाच, मोकळेपणाने, सगळ्यांसमोर घ्यावेत.

शस्त्र कुठलं यावर मागणीचा प्रकारही ठरतो. सुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब ही शस्त्रंच बंद करा असं म्हणता येतं. तोफगोळे, रॉकेट, मोठे हवाई बॉम्ब यांच्याबाबत ते शक्य नाही, कारण ते जगातल्या बहुतेक सैन्यांकडे आहेत. मात्र दाट वस्तीत ते वापरले की बळी पडणाऱ्यांत सुमारे ९० टक्के सामान्य नागरिक असतात. म्हणून २०११ मध्ये उभ्या राहिलेल्या आघाडीने शस्त्राला हात न घालता त्याच्या वापराच्या जागेवर बोट ठेवलं: शहरांत, गावांत ही शस्त्रं वापरू नका. त्यातून १८ नोव्हेंबर २०२२ ला डब्लिनमध्ये एक राजकीय जाहीरनामा झाला आणि ८० हून अधिक देश त्यात आले. तो कायद्याने बंधनकारक नाही. करार हवा की जाहीरनामा, हे आघाडीने आधी स्वतःशी ठरवायला हवं, नाहीतर शेवटच्या रात्री ते दुसरंच कुणी ठरवतं.

एक सवय लावून घ्या. तुमची मागणी पोस्टकार्डावर लिहा आणि घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला वाचून दाखवा. त्याने "म्हणजे काय?" असं दोनदा विचारलं, तर पुन्हा लिहा.

दुसरी पायरी: कायद्याची तोंडओळख

वकील असायची गरज नाही, पण चार गोष्टी तोंडपाठ हव्यात. लढणारे आणि नागरिक यांच्यात फरक करणं प्रत्येक पक्षाला बंधनकारक आहे. लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल, तर तो हल्ला बेकायदा ठरतो. हल्ल्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्यावीच लागते. आणि एका पक्षाने नियम मोडले म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही. १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे दोन जोड करार हा याचा पाया. चारही मूळ करार भारताला लागू आहेत आणि त्यांच्यासाठी १९६० चा आपला कायदाही आहे. जोड करारांत मात्र भारत नाही. सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणावर पहिला ठराव १९९९ मध्ये केला, क्रमांक १२६५. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांबद्दलचा ठराव २०१६ चा, क्रमांक २२८६. एवढी शिदोरी पहिल्या बैठकीला पुरते.

तिसरी पायरी: नोंदवही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवी माणसं घोषणा, फलक, समाजमाध्यमं यांकडे धावतात. पण सरकारी अधिकाऱ्यासमोर तुमच्या मागणीला वजन येतं ते नोंदीमुळे.

एका घटनेच्या नोंदीत किमान एवढं हवं: तारीख आणि शक्य असेल तर वेळ; जागा; माणूस तेव्हा काय करत होता (गुरं चारत होता, शाळेत निघाला होता, भंगार गोळा करत होता); वय, स्त्री की पुरुष; इजा कोणती; शस्त्र कुठलं आणि ते कशावरून ओळखलं; माहिती कुणी दिली; ती दुसऱ्या कुणाकडून पडताळली का. यातलं "काय करत होता" हे खूप जण गाळतात आणि धोरण तर त्यातूनच बदलतं. सरपण गोळा करताना बायका जखमी होत असतील, तर रस्ता साफ करून उपयोग नाही, जंगलाची कड साफ करावी लागते.

दोन वेगळे स्रोत जुळल्याशिवाय आकडा बाहेर काढू नका. मी या कामात नवी असताना एका यादीत एकच मुलगी दोनदा मोजली होती, एकदा गावातल्या लोकांच्या सांगण्यावरून आणि एकदा रुग्णालयाच्या नोंदीवरून. नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. बैठकीत समोरच्या अधिकाऱ्याने नेमकी तीच ओळ दाखवली आणि उरलेल्या खऱ्या नोंदींवरचं बोलणं तिथेच संपलं. त्या नोंदी ज्यांच्या होत्या, त्यांचं नुकसान माझ्या घाईने झालं. तेव्हापासून यादी बाहेर जाण्याआधी मी ती दुसऱ्याच्या हाती देते आणि तिच्यातल्या चुका शोधायला सांगते.

शस्त्र ओळखण्याचं काम जाणकारावर सोडा. न फुटलेल्या वस्तूच्या जवळ जाऊन फोटो काढायचा नाही, कुणाला काढायला सांगायचाही नाही. क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे काही वेळा रंगीत फितीचे किंवा डब्यासारखे दिसतात आणि मुलं ते खेळणं समजून उचलतात. २००६ च्या युद्धात इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर टाकलेल्या या छोट्या गोळ्यांची संख्या ४० लाखांपर्यंत असावी असा अंदाज होता. त्यांतले बहुतेक शेवटच्या ७२ तासांत पडले, म्हणजे युद्धबंदी तोंडावर आली असताना. लोक घरी परतले तेव्हा तंबाखूच्या शेतांत, ऑलिव्हच्या बागांत ते पडलेले होते. या एका घटनेच्या तपशीलवार नोंदींनी क्लस्टरविरोधी मोहिमेला जेवढा जोर दिला, तेवढा कुठल्याही भाषणाने दिला नाही.

संमतीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. जखमी माणसाला त्याच्याच भाषेत समजावून विचारा: नाव छापू का? फोटो वापरू का? कुठल्या देशात, कुणासमोर? आज हो म्हटलेला माणूस उद्या नको म्हणाला, तर ती नोंद काढायची आणि कारण विचारायचं नाही. साक्षीदाराचं गाव आणि नाव एकाच फायलीत ठेवू नका. सशस्त्र पक्ष अजून त्या भागात असेल, तर तुमची वही म्हणजे त्याच्यासाठी यादी ठरू शकते.

चौथी पायरी: माणसं जोडा, साम्राज्य उभारू नका

सुरुवात पाच-सहा संस्थांनी करा, मात्र त्या वेगवेगळ्या कामांतल्या हव्यात. सगळ्याच मानवी हक्कवाल्या असतील, तर आवाज एकाच पट्टीतला होतो. माजी सैनिक सोबत असणं मोलाचं असतं. "हे शस्त्र लष्कराला लागतंच" या वाक्याला त्यांच्याइतकं ठोस उत्तर दुसरं कुणी देऊ शकत नाही.

सदस्यत्वाची अट म्हणजे एका पानाचं आवाहन. त्यावर सही केली की संस्था आघाडीत आली. बाकी कुठल्या विषयावर तिचं मत काय, हे विचारायचं नाही. भूसुरुंग मोहिमेच्या समन्वयक जोडी विल्यम्स सुरुवातीची कित्येक वर्षं फॅक्स आणि फोनवर काम करत होत्या. १९९७ चं शांततेचं नोबेल मोहीम आणि विल्यम्स यांना मिळून जाहीर झालं, तेव्हा या आघाडीची संस्था म्हणून नोंदणीही झालेली नव्हती. प्रत्येक संस्था आपल्या माणसांचा खर्च आपणच करत होती. याचा मोठा फायदा म्हणजे कुणी कुणाच्या पैशावर नसल्याने कुणी कुणाला दबवू शकत नव्हतं. तोटाही होता. श्रीमंत देशांतल्या संस्थांचीच माणसं विमानाने बैठकांना पोहोचू शकत. म्हणून प्रवासासाठी थोडा सामाईक निधी ठेवा आणि तो आधी बाधित देशांतल्या माणसांना द्या.

भांडणं होतात. श्रेय कुणाचं, बोधचिन्ह कुणाचं मोठं, मुलाखत कुणी द्यायची. यावर एकच उपाय मला कामी आलेला दिसला: पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा की आघाडीच्या वतीने कोण बोलेल, कुठल्या वाक्यापुरतं बोलेल आणि त्यापलीकडे प्रत्येक संस्था स्वतःच्या नावाने बोलायला मोकळी राहील.

आणि एक अट तोडू नका. सगळ्या बाजूंना एकच माप लावायचं. ज्यांच्याबद्दल तुम्हाला सहानुभूती आहे त्यांनी सुरुंग पुरला, तरी तो सुरुंगच म्हणून नोंदवायचा.

पाचवी पायरी: बचावलेली माणसं सहकारी म्हणून

तुन चान्नारेथ यांनी १९८२ मध्ये थायलंडच्या सीमेजवळ दोन्ही पाय गमावले. पुढे ते कंबोडियात इतरांसाठी व्हीलचेअर बनवू लागले आणि मोहिमेत आले. नोबेल स्वीकारायला ऑस्लोत मोहिमेच्या वतीने तेच पुढे झाले. त्यांना कुणी व्यासपीठावर शोभेला बसवलं नव्हतं. त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, बैठका केल्या होत्या, देशोदेशीच्या प्रतिनिधींशी वाद घातला होता.

डिसेंबर २००८ मधली गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगते. क्लस्टर बॉम्बबंदीच्या सह्या ऑस्लोत होणार होत्या आणि अफगाणिस्तान सही करणार नव्हता. लहानपणी अशाच एका न फुटलेल्या तुकड्याने दोन्ही पाय गेलेला एक अफगाण मुलगा तिथे आला होता, जेमतेम सतरा वर्षांचा. तो आपल्या देशाच्या राजदूतांना भेटला आणि सही करा म्हणून त्याने त्यांना गळ घातली. राजदूतांनी काबूलशी संपर्क साधला, परवानगी मिळवली आणि अफगाणिस्तानने सही केली. त्या परिषदेत एकूण ९४ देशांच्या सह्या झाल्या.

असं घडावं असं वाटत असेल, तर तयारी लागते. त्यांना मसुदा आधी द्या, त्यांच्या भाषेत द्या. कुठल्या कलमावर वाद चाललाय ते सांगा. बैठकीची जागा व्हीलचेअरने पोहोचता येईल अशी आहे का, हे स्वतः जाऊन बघा. अपघाताची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, त्यांचं मत विचारा. माणसाला त्याच्या जखमेपुरतं करून टाकणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं पाप आहे आणि ते चांगल्या हेतूने काम करणाऱ्यांकडूनच होतं.

सहावी पायरी: दालन निवडा, मग दार ठोठावा

१९९५-९६ मध्ये सुरुंगांवरची बोलणी संयुक्त राष्ट्रांच्या एका जुन्या कराराच्या चौकटीत चालली होती. तिथे सगळ्यांची सहमती लागते, म्हणजे एका देशाने नाही म्हटलं की विषय संपला. मे १९९६ मध्ये तिथून निघालं ते एक पातळ सुधारित परिशिष्ट: सुरुंग चालतील, फक्त ते यंत्राने शोधता येण्याजोगे हवेत, काही प्रकारचे ठरावीक काळाने निकामी होणारे हवेत. मोहिमेने तिथे डोकं आपटत बसायचं नाकारलं. ज्या सरकारांना खरोखर बंदी हवी होती त्यांच्याशी तिने वेगळं बोलायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅनडाने ओटावात परिषद भरवली. समारोपाला परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी उभे राहिले आणि त्यांनी वर्षाअखेरचं नाही, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरचं निमंत्रण दिलं: करार तयार करून सहीला या. हातात चौदा महिने होते. मसुदा ऑस्ट्रियाने लिहिला. सप्टेंबर १९९७ मध्ये ऑस्लोत अंतिम बोलणी झाली आणि तिथे मतदानाची वेळ आली तर दोन-तृतीयांश मतं पुरतील असा नियम होता. अमेरिकेने कोरियासाठी अपवाद मागितला, आणखीही सवलती मागितल्या. त्या दिल्या गेल्या नाहीत आणि अमेरिका बाहेर राहिली. "अपवाद नाही, आडवाटा नाही" यावर मोहीम ठाम होती. सहमतीचा नियम असता, तर हा करार झालाच नसता.

प्रत्यक्ष भेटीला जाताना एक पान न्या, दोन नको. वर मागणी, मध्ये तीन तथ्यं, खाली नेमकी विनंती: "अमुक कलमातला अमुक शब्द काढा." ज्याला भेटताय त्याचा विषय कुठला, त्याच्या मंत्रालयात निर्णय कुणाकडे, संरक्षण खातं काय म्हणतंय, हे आधी काढा. कनिष्ठ अधिकाऱ्यांशी आदराने वागा, कारण वरिष्ठांची टिपणी तेच लिहितात. भेट संपल्यावर त्याच दिवशी आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात त्यांनी काय मान्य केलं ते नोंदवा.

तडजोड करावी लागेल. क्लस्टर बॉम्बच्या करारात एकविसावं कलम आलं. बंदी मानणारा देश बंदी न मानणाऱ्या मित्रदेशाबरोबर लष्करी कारवाईत भाग घेऊ शकतो, अशी सूट त्यात आहे. मोहिमेने त्याला विरोध केला होता आणि ती हरली. तरीही तो करार स्वीकारणं योग्य होतं असं माझं मत आहे. मात्र त्या कलमाचा अर्थ कसा लावला जातो यावर पाळत ठेवायचं काम आजही चालू आहे.

सही झाल्यावर

सही म्हणजे काम संपलं असं समजणाऱ्या आघाड्या विरून जातात. भूसुरुंग मोहिमेने १९९९ पासून दरवर्षी देशवार अहवाल काढायला सुरुवात केली. करारानुसार साठा चार वर्षांत नष्ट करायचा, सुरुंगांची जमीन दहा वर्षांत साफ करायची. कोण करतंय, कोण मुदतवाढ मागतंय, सगळं त्यात येतं. त्या अहवालाप्रमाणे २०२३ या एका वर्षात सुरुंग आणि युद्धात मागे उरलेल्या स्फोटकांनी ५,७५७ माणसं मारली गेली किंवा जखमी झाली आणि ज्यांची ओळख नोंदली गेली त्यांत ८४ टक्के नागरिक होते.

२०२५ मध्ये लिथुआनियाने क्लस्टर बॉम्बबंदी सोडली. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीपोटी भूसुरुंगबंदीतूनही बाहेर पडायचा निर्णय घेतला. ही भीती खोटी नाही. पण शेजारच्या सैन्याला रोखायला पुरलेला सुरुंग पुढे आपल्याच शेतकऱ्याची वाट पाहत बसतो, हे कंबोडियाने आणि बोस्नियाने दाखवून दिलंय. या कामात आज येणाऱ्यांना मिळवलेलं राखण्याचीच लढाई आधी लढावी लागेल, हे मी लपवणार नाही.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची

भारत या दोन्ही बंदी करारांत नाही. वर सांगितलेल्या जुन्या कराराच्या सुधारित परिशिष्टात मात्र तो आहे. म्हणजे सुरुंगांच्या पट्ट्याला कुंपण घालणं, खुणा करणं, नागरिकांना सावध करणं ही भारताने स्वीकारलेली जबाबदारी आहे आणि तिच्याबद्दल विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य उभं केलं तेव्हा, राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर शेतांमध्ये सुरुंग पेरले गेले. शेतकऱ्यांच्या जमिनी अडकल्या, माणसं आणि जनावरं जखमी झाली. भूसुरुंगबंदीच्या भारतीय मोहिमेचं काम कित्येक वर्षं नागपुरातून चालत होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

मराठी वाचकाला भूसुरुंग हा शब्द माहीत आहे तो गडचिरोलीमुळे. तिथलं काम करायचं तर एक तांत्रिक फरक समजून घ्या. माणसाचा पाय पडल्यावर आपोआप फुटणारं स्फोटक बंदी कराराच्या व्याख्येत बसतं, मग ते कारखान्यात बनलेलं असो की डब्यात. दूर बसून वायर जोडून उडवलेलं त्या व्याख्येत बसत नाही, त्याला युद्धाचे इतर नियम लागतात. नोंदीत हे दोन वेगळे ठेवा. करारावर सही फक्त देश करतात. बिगरसरकारी सशस्त्र गटांकडून सुरुंग न वापरण्याची लेखी हमी घेण्याचं काम जिनिव्हातली ‘जिनिव्हा कॉल’ ही संस्था २००० पासून करते आहे. तिच्या पद्धतीचा अभ्यास जरूर करा.

पैशाबाबत सावध राहा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. त्यामुळे एकीने निधी घ्यायचा आणि बाकीच्यांना वाटायचा, ही बाहेरच्या आघाड्यांची पद्धत इथे चालणार नाही. प्रत्येकाने आपला खर्च आपण करायचा किंवा देशातूनच वर्गणी काढायची.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी आपल्या देशाची स्थिती बघावी. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया दोन्ही करारांत आहेत. तिथल्या खासदाराला पत्र लिहिताना विचारा, की आमच्या पेन्शन फंडाचे पैसे क्लस्टर बॉम्ब बनवणाऱ्या कंपन्यांत गुंतले आहेत का. बेल्जियमने अशा गुंतवणुकीवर २००७ मध्येच कायद्याने बंदी घातली.

इथे असाल तर पहिल्या महिन्यात दोन कामं करा. बाधित गावांना किती भरपाई दिली, किती अर्ज प्रलंबित आहेत, हे माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. लष्करी माहिती मागू नका, ती कलम ८ खाली नाकारली जाईल. भरपाईची रक्कम हा मात्र महसूल खात्याचा कागद आहे. दुसरं, आपल्या खासदाराला अतारांकित (म्हणजे लेखी उत्तराच्या) प्रश्नाचा मसुदा तयार करून द्या. नोटिशीला किमान पंधरा पूर्ण दिवस लागतात, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच त्यांच्या कार्यालयात जा. मसुदा मराठीतही न्या, पोच घ्या आणि उत्तर आलं की ज्या गावासाठी विचारलं होतं त्या गावच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवा.